ग्रामविकास आराखडा आणि गावाची सुरक्षितता : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके किनाऱ्यापासून दूर, परंतु मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांना जवळचे आहेत. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांची खोरी, मध्ये माथेरानचा डोंगर आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत अशी या भागाची रचना आहे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग वर गेला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. खोपोली आणि रसायनी येथे कारखानदारी वाढली, नेरळ-शेलूच्या बाजूस नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि नदी-ओढ्यांच्या काठी शहरवासीयांची फार्महाऊस झाली. डोंगरउतारावरच्या ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या मात्र या बदलाच्या कडेलाच राहिल्या आहेत.

इतक्या लहान क्षेत्रात इतकी भिन्न वस्ती एकत्र आली म्हणजे सुरक्षिततेचे प्रश्नही नव्या स्वरूपात पुढे येतात. हे प्रश्न केवळ पोलीस ठाण्याचे आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुन्हा घडल्यानंतरचा तपास हे पोलिसांचेच काम आहे, यात शंका नाही. परंतु गुन्ह्याला वाव देणाऱ्या अनेक गोष्टी ग्रामपंचायतीच्या नजरेच्या टप्प्यात आणि बऱ्याच अंशी तिच्या अधिकारात असतात. स्थानकापासून वाडीपर्यंतचा अंधारा रस्ता, नोंद नसलेला भाडेकरू, शाळेतून गळालेले मूल, उचल घेऊन परगावी गेलेले कुटुंब ही त्याची काही उदाहरणे होत. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात सुरक्षिततेला स्वतंत्र स्थान असावे काय आणि ते कसे द्यावे, याचा विचार येथे केला आहे.

नियोजनाविना जागरण

चोऱ्यांची आवई उठली की गावोगाव तरुण काठ्या घेऊन रात्रीचा पहारा देऊ लागतात. यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु पहाऱ्यावर कोणी जावे, कोणाच्या देखरेखीखाली जावे, अनोळखी माणूस आढळल्यास काय करावे, हे आधी ठरलेले नसेल तर परिणाम भयंकर होऊ शकतो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना ठार केले. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री चोर आल्याच्या अफवेने गोळा झालेल्या जमावाने २ साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. मृतांपैकी कोणीही चोर किंवा मुले पळविणारा नव्हता.

या दोन्ही घटनांच्या मुळाशी अफवा आणि भीती होती. भीतीला दिशा देणारी व्यवस्था गावात नसली तर ती सर्वांत दुबळ्या माणसावर कोसळते. तो कधी भटका असतो, कधी परप्रांतीय मजूर, तर कधी शेजारच्याच वाडीतील कातकरी. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरीही चोरी झाली की प्रथम एखाद्या विशिष्ट वस्तीकडे बोट दाखविण्याची सवय पुरती गेलेली नाही. सुरक्षिततेचे नियोजन करताना ही सवय मोडणे हे पहिले काम मानले पाहिजे.

कायद्यातील आधार

गावाचे संरक्षण हा पंचायतीचा विषय आहे, ही कल्पना नवी नाही. पूर्वी पाटील आणि त्याच्या हाताखालचे जागले गावाची राखण करीत व चोराचा माग काढीत. वंशपरंपरेने चालत आलेली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपुष्टात आली. त्यानंतर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हे पद निर्माण झाले. पोलीस पाटील हा गावचा रहिवासी असतो. गावातील गुन्ह्यांची व संशयास्पद हालचालींची माहिती ठाण्यास देणे आणि गुन्हा घडू नये यासाठी प्रयत्न करणे ही त्याची कर्तव्ये आहेत.

ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ४५ अन्वये जी ग्रामसूची दिलेली आहे, तीत शेती, शिक्षण, आरोग्य या विषयांबरोबर स्वसंरक्षण आणि ग्रामसंरक्षण हाही एक विषय आहे. गावाची आणि पिकांची राखण तसेच गावातील दिवाबत्ती ही पंचायतीची कामे त्यात येतात. पोलीस कायद्यातही जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिकाराखाली ग्रामसुरक्षा दल उभारण्याची तरतूद आहे. नियमबद्ध दलात सदस्यांची नावे ठाण्यात नोंदलेली असतात व कर्तव्याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. काठ्या घेऊन निघालेला जमाव आणि असे दल यांतील फरक नेमका हाच आहे.

सामान्य नागरिकाला एखाद्यास पकडण्याचा जो मर्यादित अधिकार आहे, त्याची माहितीही ग्रामसभेस असली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, डोळ्यांदेखत गंभीर स्वरूपाचा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास अथवा फरारी घोषित केलेल्यासच नागरिक पकडू शकतो. पकडल्यावर त्यास विनाविलंब आणि फार तर ६ तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. संशयावरून झडती घेणे, मारहाण करणे अथवा कोंडून ठेवणे हा स्वतःच गुन्हा ठरतो.

अन्यत्रचा अनुभव

नागरिक आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसले तर काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यात आहे. भिवंडी शहराने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली अनुभवल्या. १९८८ पासून तेथे तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची बांधणी केली. दोन्ही समाजांतील सर्वसामान्य माणसे आणि पोलीस कर्मचारी या समित्यांत शांततेच्या काळातच भेटत व किरकोळ तक्रारींचा निपटारा करीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकट येण्यापूर्वी ओळख झालेली असणे, हे त्या प्रयोगाचे सामर्थ्य होते.

परदेशातही विचार याच दिशेने गेला. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने स्थानिक परिषदा आणि पोलीस या दोघांवर संयुक्त जबाबदारी टाकली. दर तीन वर्षांनी आपल्या भागातील गुन्ह्यांची पाहणी करावी, ती लोकांपुढे ठेवावी आणि त्यावरून आराखडा तयार करावा, असे त्यात सांगितले होते. प्रथम पाहणी, नंतर लोकांशी विचारविनिमय आणि शेवटी योजना हा क्रम आपल्या ग्रामसभेलाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

परिसरातील प्रश्नांचे स्वरूप

कर्जत-खालापूर भागात सुरक्षिततेच्या दृष्टीने चार ठिकाणांकडे विशेष लक्ष पुरविणे आवश्यक आहे.

पहिले ठिकाण म्हणजे रेल्वे स्थानक ते घर हा रस्ता. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत आणि खोपोली शाखेवरील पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या स्थानकांवर रात्री उशिरापर्यंत नोकरदार, कामगार आणि विद्यार्थी उतरतात. स्थानकाच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस व रेल्वे सुरक्षा दल असते. हद्द संपली की रस्ता कोठे जिल्हा परिषदेचा, कोठे नगरपरिषदेचा, तर कोठे ग्रामपंचायतीचा असतो. अशा रस्त्यावरील बंद दिवा कोणी दुरुस्त करायचा, हे ठरत नाही. तो बंदच राहतो आणि तेथून चालत जाणारी मुलगी पुढे नोकरी अथवा महाविद्यालय सोडून देते. अशा घटनेची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. परंतु सुरक्षिततेच्या अभावाची ती मोठीच किंमत आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे बंद घरे. आठवड्यातून एकदोन दिवस वापरली जाणारी फार्महाऊस इतर वेळी राखणदाराच्या भरवशावर असतात. राखणदार बहुधा जवळच्या वाडीतील कुटुंब असते. चोरी झाल्यास मालक दूर असतो आणि संशयाची सुई प्रथम या कुटुंबाकडे वळते. राखणदाराचे नाव, त्याच्या कामाचे स्वरूप आणि मालकाचा संपर्क यांची नोंद पंचायतीकडे असल्यास दोघांचेही हित होते.

तिसरे ठिकाण म्हणजे भाड्याने दिलेले गाळे, गोदामे आणि बंद पडलेले कारखाने. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळच्या ढेकू परिसरातील एका कारखान्यावर छापा घालून रायगड पोलिसांनी कोट्यवधी रुपयांचे मेफेड्रोन हे अंमली द्रव्य जप्त केले. महामार्गाजवळची जागा, बाहेरची माणसे आणि बंद दरवाजे हे सारे एकत्र आले म्हणजे गावाला काहीच कळत नाही. जागा कोणी घेतली, तेथे कोणता व्यवसाय चालतो आणि त्यास ना-हरकत दाखला आहे काय, हे विचारण्याचा अधिकार पंचायतीला आहे. तो दरवर्षी न चुकता बजावला पाहिजे.

चौथे ठिकाण म्हणजे वाडी. शासनाने विशेष असुरक्षित मानलेल्या राज्यातील तीन आदिम जमातींपैकी कातकरी ही एक आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर अथवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. उचल फिटत नाही तोवर काम सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारी होय. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने नष्ट केलेली असून ती चालविणे हा दंडनीय अपराध आहे. तथापि भट्टीवर मारहाण झाली अथवा मूल हरवले, तर तक्रार कोठे करावी हे या कुटुंबांना ठाऊक नसते. गाव सोडताना त्यांची नोंद झालेली नसेल, तर ती परतली नाहीत हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

या वाड्यांना आणखी एक चिंता आहे. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. जमिनीचे भाव वाढल्यावर कुंपण घातले जाते, वाट अडविली जाते आणि घर सोडण्यासाठी दडपण येते. ज्याच्या पायाखालची जमीनच त्याची नाही, तो माणूस तक्रार करण्यास धजत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द निश्चित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अशा वाडीस गावठाणाचा दर्जा मिळावा, असा ग्रामसभेचा ठराव व पाठपुरावा हा सुरक्षिततेच्या आराखड्यातील एक महत्त्वाचा भाग ठरू शकतो.

आराखडा कसा तयार करावा

ग्रामविकास आराखडा तयार करण्याची पद्धत राज्यात २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाने रुळली आहे. शिवारफेरी, मशालफेरी, महिला सभा आणि ग्रामसभा हे तिचे टप्पे पंचायत सदस्यांच्या परिचयाचे आहेत. सुरक्षिततेसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही; याच टप्प्यांत काही प्रश्नांची भर घातली म्हणजे पुरे.

प्रथम पाहणी करावी. दिवसाच्या शिवारफेरीबरोबर एक फेरी रात्री, शेवटच्या एकदोन गाड्यांच्या वेळी काढावी. तीत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि प्रत्येक वाडीतील किमान एक स्त्री असावी. बंद दिवे, तुटलेले साकव, झाडीने झाकलेली वळणे, दारूचे अड्डे, पाणवठ्याच्या व शौचालयाच्या वाटा यांची नोंद गावाच्या नकाशावर करावी.

दुसरा टप्पा माहितीचा. पोलीस ठाण्यातून मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांची प्रकारवार संख्या मागवावी. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. स्त्रियांची छेडछाड, घरातील मारहाण, मजुरी बुडविणे, भ्रमणध्वनीवरून होणारी फसवणूक यांपैकी बरेचसे ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अशा सभेत, पुरुष उपस्थित नसताना, हे प्रश्न मोकळेपणाने निघतात. महिला सभेत जे पुढे येईल ते कोणाचेही नाव न घेता ग्रामसभेपुढे ठेवावे.

तिसरा टप्पा नोंदींचा. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत मालकाचे व भोगवटादाराचे नाव असते. बंद घरे, भाड्याची घरे आणि गाळे यांची यादी त्यावरूनच करता येते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र वही ठेवावी. कुटुंबातील माणसे, मुले, जाण्याचे ठिकाण, मुकादमाचे नाव, घेतलेली उचल आणि परतण्याचा अंदाजे महिना एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. ही वही कुटुंबाच्या संरक्षणासाठी आहे, त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे वाडीत जाऊन समजावून सांगितले पाहिजे.

चौथा टप्पा कामांच्या निवडीचा. प्रत्येक कामापुढे ते कोणी करावयाचे, किती खर्चाने आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहिलेले असावे. जे काम पंचायतीच्या अधिकारात नाही, त्यासाठी कोणत्या कार्यालयाकडे ठराव पाठवावयाचा, याचीही नोंद हवी.

उदाहरणादाखल, एका बाजूस स्थानक, मध्ये मूळ गाव आणि डोंगराच्या अंगाला तीन वाड्या अशी एक ग्रामपंचायत डोळ्यांपुढे आणू. रात्रफेरीत स्थानक-वाडी रस्त्यावर १२ खांब व त्यांपैकी ७ दिवे बंद आढळले. आकारणी वहीवरून ४० बंद घरे निघाली. वाड्यांतून २५ कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात असे कळले. या पंचायतीचा पहिल्या वर्षाचा आराखडा मोठा असण्याची गरज नाही. ७ दिवे दुरुस्त करून त्यांच्या देखभालीची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर नावानिशी टाकणे, ४० घरमालकांना पत्र पाठवून राखणदाराची नोंद घेणे, २५ कुटुंबांची स्थलांतर वही सुरू करणे, ग्रामसुरक्षा दलाची नावे ठाण्यात नोंदवून घेणे आणि दर तीन महिन्यांनी पोलीस अधिकाऱ्यांसमवेत एक बैठक घेणे, एवढी पाच कामे पुरेशी आहेत. वर्षाअखेरीस त्यांपैकी किती झाली, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. न झालेल्या कामाचे कारणही सांगावे.

निधीचा प्रश्न

सुरक्षिततेसाठी वेगळा निधी नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. वरील पाच कामांपैकी तीन कामांना कागद आणि वेळ यांखेरीज खर्च नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. दिवे, साकव आणि रस्ते यांसाठी ग्रामपंचायतीचा स्वनिधी, वित्त आयोगाच्या निधीतील बंधनमुक्त भाग तसेच जिल्हा नियोजन समितीच्या योजना यांचा उपयोग होऊ शकतो. या परिसरात इमारती आणि फार्महाऊस यांमुळे घरपट्टीचे उत्पन्न वाढविण्यास वाव आहे. आकारणी अद्ययावत ठेवणारी पंचायत आपल्या रस्त्यावर दिवा लावू शकते. दिवा बसविताना त्याच्या वीजबिलाची व देखभालीची तरतूद न केल्यास तो खांब केवळ शोभेचा उरतो, हा अनुभव बहुतेक गावांना आहे.

कर्ज आणि उचल यांवरचा उपायही आराखड्यात बसतो. कर्जत तालुक्याला या बाबतीत परंपरा आहे. १९४२ च्या लढ्यातील हुतात्मा, माथेरानचे भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठी सुरू केली होती. पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यबँका चालविल्या. पावसाळ्यातील उपासमारीचे दोन महिने निभावले, तर पुढील हंगामाची उचल आधीच अंगावर घेण्याची पाळी येत नाही. रोजगार हमीची कामे वेळेवर निघणे आणि मजुरी वेळेवर मिळणे यांचाही थेट संबंध वाडीच्या सुरक्षिततेशी आहे.

तंटामुक्ती आणि तिच्या मर्यादा

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटपाचे, पाण्याचे, किरकोळ भांडणाचे तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू. बांधाच्या भांडणातून खुनापर्यंत गेलेली प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मोहिमेचे महत्त्व सांगावयास नको. बक्षिसाच्या वर्षापुरती समिती जागी ठेवण्याऐवजी तिची बैठक दरमहा होणे गुन्हे रोखण्याच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे.

परंतु समेट कशाचा करावा आणि कशाचा करू नये, याची रेषा स्पष्ट असली पाहिजे. बलात्कार, बालकावरील लैंगिक अत्याचार, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार, वेठबिगारी, बालविवाह हे गावकीत बसून मिटविण्याचे विषय नव्हेत. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे शिक्षापात्र आहे. गावाची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दडपणारा पंच हा गावाचे रक्षण करीत नसून गुन्हेगाराचे करीत असतो.

रायगड जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. गावकीने कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या अनेक तक्रारी या जिल्ह्यातून पुढे आल्या. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. तो कायदा २०१६ चा असून ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार बहिष्कार घालणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षा समिती, तंटामुक्त समिती अथवा ग्रामसुरक्षा दल यांपैकी कोणत्याही मंडळाने दंड बसविणे, पाणी किंवा दुकान बंद करणे, गावाबाहेर जाण्यास सांगणे हे बेकायदेशीर आहे. अशा मंडळांत वाड्यांचे आणि स्त्रियांचे प्रतिनिधी नाममात्र न राहता निर्णयात सहभागी असतील, तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

शिक्षकांचे कार्य

गावातील मुलांची दैनंदिन खबर असणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक. एखादे मूल सलग आठ-दहा दिवस गैरहजर राहिले, तर त्याचे कारण आजार, स्थलांतर, मजुरी, बालविवाह अथवा अत्याचार यांपैकी काहीही असू शकते. गैरहजेरीची चौकशी ही केवळ पटसंख्येची बाब न मानता बालसुरक्षिततेची बाब मानावी. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. स्थलांतर वही आणि शाळेची हजेरी यांचा मेळ दिवाळीपूर्वी घातला, तर ही सोय वेळेवर उपयोगी पडते.

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी, अशी शासनाची योजना आहे. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजेच पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्याकडे बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी आहे. शिक्षकाने या दोहोंना वेळीच लेखी कळविले, तर पुष्कळ अनर्थ टळतो. पोलीस मदतीसाठी ११२, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगविणे हे एका दिवसाचे काम आहे. मुलांना ते पाठ झाले, की घरात पोहोचतात.

ग्रामसभेपुढील प्रश्न

पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत खालील प्रश्न घेतल्यास चर्चेस प्रारंभ होऊ शकेल.

१) शेवटच्या गाडीने उतरणारी स्त्री आपल्या गावातील घरापर्यंत निर्धास्तपणे चालत जाऊ शकते काय? नसल्यास अडचण नेमकी कोठे आहे?

२) गावातील बंद घरे, भाड्याची घरे आणि गाळे यांची अद्ययावत यादी पंचायतीकडे आहे काय?

३) गेल्या हंगामात किती कुटुंबे भट्टीवर गेली? ती सर्व परत आली काय?

४) ग्रामसुरक्षा दलातील सदस्यांची नावे ठाण्यात नोंदलेली आहेत काय? अनोळखी व्यक्ती आढळल्यास काय करावे, हे त्यांना ठाऊक आहे काय?

५) गावातील कोणती वाडी खाजगी जमिनीवर आहे? गावठाणासाठी ठराव झाला आहे काय?

६) मागील वर्षी ठरलेल्या कामांपैकी किती पूर्ण झाली?

या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक गावाची वेगळी असतील आणि तशीच ती असली पाहिजेत. नेरळजवळच्या वाढत्या वस्तीचा आराखडा खांडसकडील डोंगराळ वाड्यांना लागू पडणार नाही. द्रुतगती मार्गालगतच्या खालापूर तालुक्यातील गावाचे प्रश्न आणखी निराळे असतील. कसोटी मात्र सर्वत्र एकच ठेवता येईल. गावाच्या मुख्य चौकात किती कॅमेरे बसले यापेक्षा, सर्वांत दूरच्या वाडीतील माणूस रात्री निर्धास्त झोपतो काय आणि अन्याय झाल्यास सकाळी पंचायतीच्या दारात उभा राहण्याचे धैर्य त्याला होते काय, यावरून आराखड्याचे यश मोजावे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक हे चौघे महिन्यातून एक दिवस यासाठी एकत्र बसले, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.